पडदा, ज्योत आणि कूलरची ताटी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की डिजिटल कलेच्या, म्हणजे पडद्यावरच्या हलत्या चित्राच्या आणि आवाजाच्या आधाराने माणूस ध्यानाला शांत बसू शकतो. त्यासाठी घरातला टीव्ही भंगारात द्यायची गरज नाही. त्यावर पत्रं आली. काही प्रेमाची, बरीचशी चिडलेली. चिडलेली आधी घेते, त्यांत मुद्दे जास्त आहेत.

प्रश्न : नातवाने ५५ इंची टीव्हीवर एक फिरतं मंडल, म्हणजे वर्तुळांची नक्षी, लावून दिलं. सोनेरी-जांभळं, आत आत जाणारं, सोबत बासरी. म्हणाला, "आजोबा, हे पाहत बसा, ध्यान आपोआप लागते." सात-आठ मिनिटांत मला गरगरायला लागलं, मळमळलं. रोज सकाळी देवापुढच्या समईकडे पाहत बसतो तेव्हा असं कधी झालं नाही. ही तुमची डिजिटल कला म्हणजे ध्यानाच्या नावावर धूळफेक आहे काय?
— एक सेवानिवृत्त वाचक, त्रिमूर्तीनगर

काकाजी, गरगरलं त्यात तुमचा दोष नाही. समोरचं सगळंच्या सगळं सरकायला लागलं की डोळे मेंदूला सांगतात, "आपण चाललो". कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं, "छे, आपण तर सोफ्यावर बसलोय". या भांडणात पोट ढवळतं. एसटीत बसून मोबाइल वाचला की होतं तेच, फक्त उलट्या बाजूने. पडदा जितका मोठा, खोली जितकी अंधारी, तितका त्रास जास्त. नातवाने प्रेमापोटी दोन्ही केलं असणार.

पण तुमच्या धूळफेक या शब्दाला मी सहज सोडणार नाही, कारण तो धंदा मी केलेला आहे. नागपुरात सीताबर्डीच्या एका जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं मी लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग केलं. वधू चंद्रातून यायची, वर पानासारखा उलगडायचा, सप्तपदी चौकोनी डब्यावर गोल गोल फिरायची. आमचे मालक पाठीमागे उभे राहून म्हणायचे, "पाच सेकंदांत काही हललं नाही तर गिऱ्हाईक उठून चहा घ्यायला जाते." त्यामुळे हात बसला तो एकाच कामावर: नजर उठू द्यायची नाही. तुमच्या नातवाने लावलेलं मंडल मी पाहिलेलं नाही, पण वर्णनावरून सांगते, ते आमच्याच घराण्यातलं आहे. तो लग्नाचा इफेक्ट आहे, बासरी लावलेला.

समईचं काय होतं ते पाहा. ज्योत लहान, भोवती काळोख, जागा ठरलेली. तिच्याकडे पापणी न हलवता पाहत राहिलं की डोळ्यांत पाणी येतं. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात त्राटकाची व्याख्याच तेवढी आहे: बारीक लक्ष्यावर नजर स्थिर, अश्रू येईपर्यंत. मग डोळे मिटले की तीच ज्योत पापणीच्या आत दिसते, कारण बुबुळामागच्या पडद्याचा तेवढाच तुकडा थकलेला असतो. तिथून पुढे बाहेरच्या ज्योतीची गरज उरत नाही. फिरतं मंडल असा ठसा उमटवूच शकत नाही. ते एका जागी थांबतच नाही. डोळे मिटले की काहीच उरत नाही म्हणून माणूस पुन्हा उघडतो. मालक खूश.

तेव्हा समई आहे तर टीव्ही कशाला? तुम्हाला नकोच. नातवाचं मन मोडायचं नसेल तर त्याला सांगा, फिरणं बंद कर, पूर्ण काळ्या पडद्यावर मधोमध एक रुपयाएवढा फिकट ठिपका ठेव, खोलीतला लहान दिवा चालू राहू दे, आणि दहा फूट मागे बस. त्याला ते दोन मिनिटांत कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या.

प्रश्न : होस्टेलमध्ये दिवा, उदबत्ती लावायला बंदी आहे. म्हणून फोनवर ज्योतीचा व्हिडिओ लावून बसते. सुरुवातीला छान वाटायचं. आता मला पाठच झालंय की ज्योत कधी डावीकडे झुकणार. मन त्याचीच वाट पाहत बसतं. काय करू?
— विद्यार्थिनी, रामदासपेठ

हे पत्र वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या, इतकं नेमकं आहे. बाळा, तू जे पकडलंस त्याला आम्ही सांधा म्हणतो. कुणीतरी वीसेक सेकंदांचा तुकडा घेऊन तोच तासभर जोडलेला असतो. चांगला कारागीर सांधा दिसू देत नाही, पण मन तो कानाने, श्वासाने, कशानेही हुंगतं. एकदा कळला की ज्योत संपली, घड्याळ सुरू झालं.

दोन उपाय. पहिला, घरी गेलीस की रात्री पंखा बंद करून आईच्या देवघरातल्या निरांजनाचं चाळीस मिनिटांचं सलग शूटिंग कर. फोन डब्यावर टेकवून ठेव, झूम करू नको, मध्ये हात लावू नको. वात काजळेल, तूप संपत येईल, कुणीतरी दार उघडेल आणि ज्योत थरथरेल. ते सगळं राहू दे. चाळीस मिनिटं पाठ होत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे न पुनरावृत्त होणारं चित्र. ब्रायन इनो हा इंग्लंडचा संगीतकार. त्याने २००६ मध्ये एक प्रणाली काढली होती, जिच्यात हाताने केलेल्या चित्रांचे थर संगणक एकावर एक अगदी सावकाश विरघळवतो. मेळ इतके होतात, की तोच मेळ तुला पुन्हा दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. नावातच त्याने सात कोटी सत्तर लाख चित्रं असा आकडा घातला. पाहणाऱ्याला "पुढे काय" याचा अंदाजच बांधता येत नाही, आणि अंदाज बांधणं सुटलं की मन आपसूक खाली बसतं. या जातीच्या कलेला जनरेटिव्ह म्हणतात: कलाकार चित्र काढत नाही, चित्र कसं उगवेल याचे नियम लिहितो. शेतकऱ्यासारखंच आहे, पेरतो तो, उगवतं ते वेगळं.

एक मात्र. फोन विमान मोडवर टाक. ज्योतीच्या वरून "मेसचे पैसे भरले का" असा मेसेज उतरला की बुद्धालाही उठावं लागेल.

प्रश्न : मी विपश्यनेची दोन दहा दिवसांची शिबिरं केली आहेत. पहिल्याच दिवशी फोन जमा करून घेतात, वाचायला-लिहायलाही मनाई. दर रविवारी इथल्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरात जाऊन बसतो, तिथेही शांतताच असते. शांततेसाठी जे दूर ठेवायचं तेच समोर ठेवून शांत व्हा, असं तुम्ही सांगता. हा उलटा न्याय नाही का?
— एक साधक, कामठी

अर्धा आहे. तुमच्या साधनेत ना मूर्ती, ना मंत्र, ना रंग. फक्त येता-जाता श्वास आणि शरीरावरच्या संवेदना. तिच्यात पडदा घुसवू नका. त्या शिस्तीने बसणाऱ्याला माझ्या कलेचा काडीचा उपयोग नाही, आणि हे लिहिताना मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

पण एक आठवण करून देते. संध्याकाळी तुम्ही सगळे मांडी घालून विपश्यनेचे आचार्य गोएंकाजी यांचं प्रवचन ऐकता, ते कुठून येतं? ध्वनिमुद्रण, नाहीतर पडद्यावरचं चित्रीकरण. गुरुजी २०१३ मध्ये गेले. आजही नवा साधक पहिल्या संध्याकाळी त्यांचं हसणं ऐकतो. म्हणजे यंत्र वर्ज्य नाही, यंत्राची वेळ ठरलेली आहे. प्रवचन संपलं, पडदा विझला, पुन्हा डोळे बंद. हा हिशोब मला फार पटतो.

आणि दुसरं, बौद्ध परंपरेतच कसिण नावाचा प्रकार आहे. मातीची गोल चकती करायची किंवा निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या रंगाचं वर्तुळ समोर ठेवायचं, डोळे मिटल्यावर तसंच्या तसं दिसेपर्यंत पाहायचं, आणि मग चकती तिथेच टाकून आत जायचं. विशुद्धिमार्ग या बौद्ध ग्रंथात अशी दहा कसिणं सांगितली आहेत. पाहायचं ते सोडण्यासाठी. मला वाटतं डिजिटल कलेला लावायची कसोटी हीच आहे, यापेक्षा वेगळी शोधत बसू नये.

तुमचा प्रश्न एका कोरियन कलाकाराने १९७४ मध्ये फार मिस्कीलपणे मांडून ठेवलाय. नाम जून पाइक त्याचं नाव. बुद्धाची जुनी मूर्ती, तिच्यासमोर टीव्ही, टीव्हीमागे कॅमेरा. कॅमेऱ्याचं तोंड मूर्तीकडे. बुद्ध टीव्हीत स्वतःलाच पाहतोय, अखंड. हे ध्यान आहे की स्वतःच्या चेहऱ्यात अडकणं? पाइकने उत्तर दिलं नाही. मी त्याचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूप हसले. आता पहाटे उठून ध्यानाला बसल्याचा स्वतःचा व्हिडिओ टाकणारे लोक पाहते तेव्हा हसू येत नाही.

प्रश्न : चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ध्यानासाठी डिजिटल कलाकृती करायची ठरवली आहे. साधा लॅपटॉप आहे, आभासी जग दाखवणारा हेडसेट वगैरे घ्यायची ऐपत नाही. सर म्हणतात, "हे मुंबई-पुण्याचे नखरे, नागपुरात कोण पाहणार?" कुठून सुरुवात करू?
— विद्यार्थी, नंदनवन

सरांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये याच नागपुरात जन्मले. झेन विचारात रमलेला माणूस. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचा, खरवडायचा, वर्षाला मोजकीच चित्रं करायचा. त्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की पाहायला काही नसतं आणि तरी निघवत नाही. दुसरे चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ इथल्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. त्यांच्या चित्रांतला बिंदू मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या शाळेतला: पोराचं लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे पाहत बस. पुढे उत्तरायुष्यात रझा त्या ठिपक्याभोवतीच फिरले. मुंबई-पुण्याचा यात काय संबंध, बाप्पा?

आता लॅपटॉप. प्रोसेसिंग नावाची, कोड लिहून चित्र काढायची फुकट प्रणाली २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या दोघांनी खास चित्रकारांसाठी काढली. तिची ब्राउझरमध्ये चालणारी बहीण म्हणजे पी-फाइव्ह. वीस ओळींत वर्तुळ श्वास घ्यायला लागतं. पहिल्या दिवशी सगळेच साइन फंक्शन, म्हणजे एकसारख्या लाटेचं गणिती सूत्र, वापरतात: वर्तुळ फुगतं, आकसतं, दोन्हीला सारखाच वेळ. बसून पाहा, पाच मिनिटांत गुदमरल्यासारखं होतं. शांत माणसाचा उच्छ्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब असतो. आत ४ सेकंद, बाहेर ६ सेकंद असं करून पाहा. मिनिटाला सहा श्वास होतात, आणि या लयीत हृदयाच्या ठोक्यांची चढ-उतार श्वासाशी छान जुळते हे मोजून पाहिलेलं आहे.

दुसरी चूक हालचालीची. रँडम आकडा दिला की ठिपका टिड्ड्यासारखा उड्या मारतो. त्याऐवजी पर्लिन नॉइज वापर. केन पर्लिन या संशोधकाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली, कारण त्याला संगणकाची चित्रं फार कोरी-करकरीत वाटत होती. तिच्यात प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्याचा हात धरून चालतो. पिंपळाचं पान वारा नसताना जसं उगाच थरथरतं, तसं.

पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तिथे मी स्वतः आपटले. वर्तुळ फुगलं की श्वास घ्या, आकसलं की सोडा, असं सांगणारी शेकडो ॲप्स आहेत. ती कवायत झाली. पाहणारा वर्तुळाच्या मागे धावतो, मागे पडला की कासावीस होतो. कॅनडाच्या शार डेव्हिस या कलावतीने १९९५ मध्ये हे उलटं करून दाखवलं. ती समुद्रात खोल बुड्या मारणारी होती. पाण्यात श्वास भरला की शरीर वर येतं, सोडला की खाली जातं, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने ऑस्मोज नावाचं आभासी जग उभं केलं, त्यात ना बटण ना काठी. छातीला बांधलेला पट्टा श्वास मोजायचा. श्वास आत, की तुम्ही झाडाच्या शेंड्याकडे. बाहेर, की मुळांकडे. पुढे-मागे झुकलं तर तिकडे. घाईने श्वास घेणाऱ्याला तिथे नीट फिरताच यायचं नाही. चित्र श्वासाच्या मागे चालतं, श्वास चित्राच्या मागे नाही.

मी तो पट्टा कुठून आणणार? लॅपटॉपचा माइक नाकाजवळ धरला आणि आवाजावर वर्तुळ बांधलं. मे महिना होता. वर्तुळ असं काही नाचायला लागलं की विचारू नको. दहा मिनिटं मला वाटलं, माझा श्वासच बिघडलाय, वय झालं. मग लक्षात आलं, ते माझ्या श्वासावर नाही, कूलरवर नाचतंय. कूलर बंद केला. वर्तुळ शहाण्यासारखं हलू लागलं आणि मी घामाने निथळू लागले. नागपुरात ही कला हिवाळ्यात करावी हा माझा अनुभवसिद्ध सल्ला.

पैसे लागत नाहीत तर मग काय लागतं? वेळ. रविवारी पहाटे अंबाझरीवर जा, एकाच जागी तास बस, कॅमेरा न काढता. पुढच्या रविवारी काढ. दोन्ही रविवारांमधला फरक म्हणजे तुझं शेवटच्या वर्षाचं काम.

प्रश्न : बहिणीला मिरगीचा त्रास आहे. तिने असे लाइटचे व्हिडिओ पाहावेत का?
— वाचक, इतवारी

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर काहीही लावू नका. मिरगीच्या काही रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येतो, सगळ्यांना नाही. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये मुलांच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला, आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातल्या कित्येकांना आधी कधी झटका आलेला नव्हता. म्हणून वेबसाइटींसाठी नियम आहे, की सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये. ध्यानाच्या नावाखाली झगमगणारं काहीही दिसलं की बंद करा. घरात मिरगी असो-नसो.

प्रश्न : वर्ध्याला माझा दाताचा दवाखाना आहे. बाहेर बसलेले पेशंट मशिनचा आवाज ऐकून घाबरतात. तिथे टीव्हीवर बातम्यांऐवजी शांत करणारं काही लावता येईल का? फरक पडतो का?
— एक डॉक्टर

पडतो, पण पहिल्या दिवशी नाही. वर ज्याचं नाव घेतलं त्या इनोने २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह गावच्या एका रुग्णालयासाठी प्रकाश आणि आवाजाची दोन कामं केली. एक स्वागतकक्षात, एक खास शांत बसायच्या खोलीत. मी ते वाचून पेटले आणि इथल्या एका दवाखान्यात जाऊन गळ घातली. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती.

मी काय केलं सांगते. आमच्या कूलरच्या वाळ्याच्या ताटीवरून पाणी ओघळतं, त्याचं अगदी जवळून शूटिंग केलं. एका काडीच्या टोकाला थेंब जमतो, पोटात जड होतो, लांबतो, मागे काडीला बारीक दोरा उरतो, आणि तो सुटतो. काडी वर उडते. लगेच दुसरा थेंब जमायला लागतो. फोनवर सेकंदाला २४० चित्रांनी घेतलं आणि ३० च्या गतीने चालवलं, म्हणजे आठपट सावकाश. बिल व्हायोला या व्हिडिओ कलाकाराकडून हे शिकले. त्याने १९९५ मध्ये तीन बायकांच्या रस्त्यावरच्या भेटीचं ४५ सेकंदांचं चित्रीकरण दहा मिनिटांपर्यंत ताणलं होतं. गती उतरली की साधी गोष्टसुद्धा पूजेसारखी वाटते. माझा तुकडा बावीस मिनिटांचा झाला, एकही सांधा नाही.

पहिल्या दिवशी तीन जणांनी काउंटरवर जाऊन सांगितलं, "मॅडम, तुमचा टीव्ही अडकला." दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "छत गळत आहे काय?" तिसऱ्या दिवशी अटेंडंटने मॅच लावली. चौथ्या दिवशी मी गेले तर पेनड्राइव्ह निसटलेला, निळ्या पडद्यावर "नो सिग्नल"चा चौकोन इकडून तिकडे तरंगत होता. समोर नऊवारीतली एक आजी बसलेली, हात मांडीवर, चेहरा अगदी निवलेला. मी विचारलं, "काय पाहता आजी?" म्हणाली, "कोपऱ्यात जाते का पाहून राहिली." माझ्या बावीस मिनिटांपेक्षा ते चांगलं होतं, हे तेव्हा कबूल करायला जड गेलं.

त्या आजीकडून शिकले ते तुम्हाला सांगते, डॉक्टर. घाबरलेल्या माणसाला पूर्ण स्थिर चित्र सोसत नाही. त्याला धरायला एवढंसं काहीतरी हलतं हवं, पण हरवलं तरी चालेल असं. मासे चालतात. नदीवर पडणारा पाऊस चालतो. तुमच्या वर्ध्याजवळचं पवनार, धाम नदीचं पाणी, काठावरून घेतलेलं, तर उत्तमच; ओळखीचं पाणी लोक जास्त वेळ पाहतात. त्यावर सुविचार टाकू नका. आवाज ठेवा, कारण तुमची खरी अडचण मशिनचा आवाज आहे: पावसाचा सलग आवाज त्या चिरक्या आवाजाच्या कडा बोथट करतो. आणि रिमोट कुलपात ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रश्न : यूट्यूबवर मेंदूच्या लहरी बदलणारे बायनॉरल बीट्स टीव्हीवर लावून झोपतो. फायदा होतो का?
— वाचक, मानेवाडा

टीव्हीवर तर नाहीच. त्यात दोन कानांना दोन किंचित वेगळे सूर देतात आणि त्यांतला फरक मेंदूत ठोक्यासारखा जाणवतो. त्यासाठी हेडफोनच लागतो. टीव्हीच्या स्पीकरमधून दोन्ही सूर हवेतच मिसळतात. हेडफोन लावलात तरी अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. झोप लागत असेल तर लागू द्या, पण पडदा झाकून ठेवा. रात्रीचा उजेड झोपेच्या संप्रेरकाला मागे ढकलतो.

प्रश्न : आईची दृष्टी काचबिंदूने गेली. पूर्वी ती पहाटे अंगणात तुळशीपाशी तासभर बसायची, डोळे मिटून नाही, नुसती पाहत. आता आम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. तिच्यासाठी तुमच्या कलेत काही आहे का? की हे सगळं डोळसांचंच?
— मुलगी, मनीषनगर

ताई, हे पत्र मी शेवटी ठेवलं कारण उत्तर द्यायला तीन दिवस लागले.

आवाजाचं काम करा. जुनं अंगण अजून आहे का? असेल तर पहाटे पाच वाजता तिथे फोन ठेवून या, तुळशीच्या कट्ट्यावर, खाली फडकं घालून, म्हणजे दगडाचा खरखराट येणार नाही. माइकवर वारा आदळू नये म्हणून जुना पायमोजा चढवा. हसू नका, चांगला चालतो. दीड-दोन तास. कोकीळ येईल, दुधाच्या कॅनचा आवाज येईल, कुणाच्या तरी बोअरची मोटर सुरू होईल, लांबून रेल्वेचा भोंगा येईल. मोटर कापू नका. मी आयुष्यभर नको ते कापत आले, म्हणून सांगते.

आवाज किती ठेवायचा याला एक गोष्ट आहे. १९७५ च्या जानेवारीत इनोला टॅक्सीने उडवलं, तो घरी खाटेवर पडून होता. मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची तबकडी आणून दिली. ती लावून तो परत आडवा झाला तेव्हा कळलं, आवाज फारच बारीक आहे आणि एक स्पीकर बंद आहे. उठवेना. बाहेर पाऊस पडत होता. मग तो तसाच ऐकत राहिला, पावसात मधूनच बुडणारे, मधूनच वर येणारे सूर. भोवतालात मिसळून जाणारं संगीत ही त्याची कल्पना तिथून आली.

तर आईच्या खोलीत स्पीकर तिच्या समोर ठेवू नका. खिडकीपाशी ठेवा, अंगण जिथे असायला हवं तिथे. आवाज इतका कमी, की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की कोकीळ ऐकू येऊ नये. आणि रोज तेच लावू नका. उन्हाळ्याचं वेगळं घ्या, पोळ्याच्या सकाळचं वेगळं, थंडीतलं वेगळं; थंडीत पक्षी उशिरा बोलतात, तिला ते माहीत असेल.

मी हे माझ्या शेजारच्या आजींसाठी केलं होतं. त्यांनाही दिसत नाही. अर्ध्या तासाने बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "थांब ना, भाजीवाला याचा राहिला."